नंतर आठवण करा

निर्णय किती पुढे ढकलावा याला काही मर्यादा असते, असं माझी बायको म्हणते. ती रुग्णालयात परिचारिका आहे, त्यामुळे लोकांनी पुढे ढकललेली प्रत्येक गोष्ट शेवटी तिच्याच वॉर्डात येऊन पडते असा तिचा अनुभव आहे. मी शाळेत भूगोल शिकवतो. एक डोंगर तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात हे ज्याने तीस वर्षं फळ्यावर लिहिलं, त्याला सात महिन्यांचं काय कौतुक?

तर सात महिने माझा घरातला कॉम्प्युटर मला एकच प्रश्न विचारत होता. नवीन ऑपरेटिंग सिस्टीम आली आहे, घालू का? खाली दोन बटणं. ‘आत्ता करा’ आणि ‘नंतर आठवण करा’. मी रोज सकाळी दात घासावेत तितक्या नियमाने ‘नंतर आठवण करा’ दाबत होतो आणि तोही इमानेइतबारे नंतर आठवण करून देत होता. आमचं उत्तम चाललं होतं. पण त्या बुधवारी त्याचा सूरच बदलला. रविवारनंतर जुन्या सिस्टीमला संरक्षण मिळणार नाही, पुढे जे होईल त्याला आपण जबाबदार, असं त्याने मला लेखी कळवलं. त्याच्यावर धूळ बसू नये म्हणून मी माझा जुना लोकरी मफलर पांघरून ठेवतो, आणि त्याने मला ही भाषा वापरावी!

आता, घालून टाकायची की नवीन सिस्टीम, असं कुणीही म्हणेल. अडचण वेळापत्रकाची होती. मी शाळेचा उपमुख्याध्यापकही आहे आणि दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी सगळ्या शाळेचं वेळापत्रक मी करतो. अठरा तुकड्या, अठ्ठावीस शिक्षक, एक प्रयोगशाळा आणि एक मैदान. विज्ञानाच्या बाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्यांना लागोपाठ दोन तास वरच्या मजल्यावर द्यायचे नाहीत. संगीताच्या वर्गाशेजारी गणिताचा वर्ग नको. चित्रकलेचे सर आणि हस्तकलेचे सर गेली सहा वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत, त्यामुळे त्यांची मोकळी तासिका एकाच वेळी आली की स्टाफरूममध्ये इतकी शांतता पसरते की बाकीच्यांना चहा गिळवत नाही. हे सगळं जमवणारा एक कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, माझ्या कॉम्प्युटरवर होता. शिक्षकांची नावं भरायची, बटण दाबायचं. पडद्यावर ‘विचार चालू आहे’ अशी अक्षरं यायची आणि एक चक्र बारा मिनिटं गरगरत राहायचं. त्या बारा मिनिटांत मी घरात मिक्सर लावू देत नसे. मग वेळापत्रक बाहेर यायचं.

हा कार्यक्रम नऊ वर्षांपूर्वी आमच्या गणिताच्या सरांनी लिहिला. ते इतके ताठ चालत की मुलांनी त्यांचं नाव काटकोन ठेवलं होतं, आणि मग आम्हीही त्यांना काटकोनसरच म्हणू लागलो. तो कार्यक्रम फक्त जुन्या सिस्टीमवर चालायचा. काटकोनसर तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तेव्हापासून आमचं बोलणं नव्हतं. का नव्हतं ते सांगतो, पण नंतर. काही गोष्टी मला अजूनही पुढेच ढकलायला आवडतात.

गुरुवारी शिक्षण कार्यालयाचं परिपत्रक आलं. सर्व शाळांनी सोमवारपर्यंत वेळापत्रक ऑनलाइन पाठवावं, आणि ते फक्त नवीन सिस्टीमवरूनच स्वीकारलं जाईल. म्हणजे वेळापत्रक तयार करायला जुनी सिस्टीम हवी आणि पाठवायला नवी! आधी जुनीवर करून कागदावर उतरवून घ्यावं, असं सुचलं होतं, पण तेही मी दुसऱ्या दिवसावर टाकलं. शाळेतले कॉम्प्युटर कार्यालयाच्या मालकीचे, त्यांना कुलूप. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ज्यांना मुदतवाढ हवी त्यांनी अर्ज करावा. मी लगेच फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एक बाई बोलल्या.

“मुदतवाढीचा अर्ज कुठे मिळेल?”

“ऑनलाइन आहे, सर. पण तो नवीन सिस्टीमवरच उघडतो.”

“अहो, नवीन सिस्टीम असती तर मी मुदतवाढ कशाला मागितली असती?”

“तेच तर,” बाई समजूतदारपणे म्हणाल्या. “म्हणून आमच्याकडे अजून एकही अर्ज आलेला नाही. सगळ्या शाळांची तयारी पूर्ण झाली, असं आम्ही वर कळवूनसुद्धा टाकलंय.”

आमच्या इमारतीत एखाद्याने जिन्यात जरा चेहरा पाडून उभं राहावं की सल्ल्यांची सोय होते. खालच्या मजल्यावर एक दंतवैद्यबाई राहतात. त्या म्हणाल्या, “सर, दुखणं आणि दात यांना मुदतवाढ नसते. आज करा, सुटा.” बोलताना त्या माझ्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघत होत्या, त्यामुळे हा सल्ला नेमका कशाबद्दल होता याची मला अजून खात्री नाही. शेजारी राहणारे गृहस्थ आयुष्यभर मालवाहू बोटीवर मुख्य इंजिनिअर होते. सगळे त्यांना चीफ म्हणतात. त्यांनी माझा दंडच धरला. “चालत्या इंजिनाला हात लावायचा नाही! एकदा आमच्या कॅप्टनने भर समुद्रात नवा पंप बसवायचा हट्ट केला.”

“मग?”

“मग काय, अकरा दिवस वाहत होतो.”

दंतवैद्यबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी, काही माणसं किडलेल्या दातालाही ‘चालता’ म्हणतात, असा टोला हाणला. तो चीफना लागला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत इमारतीत दोन पक्ष पडले होते आणि प्रश्न माझा असूनही मला दोन्हींत कुणी विचारत नव्हतं. शेवटी शनिवारी दुपारी चहाला सगळ्यांनी आमच्याकडे जमून कायमचा निकाल लावायचा असं ठरलं.

बैठक साडेतीनला सुरू झाली. चीफ, दंतवैद्यबाई, माझी बायको आणि मी. परगावी नोकरी करणारी आमची मुलगी फोनच्या स्पीकरवर. कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या टेबलावर सुरू होता, ज्याच्याबद्दल चर्चा त्याची हजेरी असावी म्हणून. आमच्या मतदानात सरळ दोन-दोन झाले. मी आणि चीफ ‘नंतर’वाले, बाई आणि बायको ‘आत्ता’वाल्या.

“बाबा,” फोनमधून मुलगी म्हणाली, “बॅकअप घेतलाय ना?”

“म्हणजे काय! पेन ड्राइव्हवर घेतलाय.”

“कार्यक्रमाचं पूर्ण फोल्डर घेतलंत, की स्क्रीनवरचं नुसतं चित्र उचललंत?”

मी चित्र उचललं होतं. ते चित्र म्हणजे कार्यक्रम नव्हे, कार्यक्रमाकडे जाणारी नुसती खूण, असं तिने समजावून सांगितलं. म्हणजे पुराच्या भीतीने मी घर सोडून दारावरची पाटी तेवढी सुखरूप जागी हलवली होती. चीफ जरा मोठ्याने हसले. माझ्याच पक्षाचा माणूस!

“मग माझं मत नंतर,” मुलगी म्हणाली. “आधी नीट बॅकअप, तोवर हात लावू नका.”

तीन विरुद्ध दोन. निर्णय झाला! मी उठून उभा राहिलो, लांबणीवर टाकणं हाही एक विचारपूर्वक घेतलेला निर्णय असतो अशा अर्थाचं छोटंसं भाषण केलं, बाईंनी हार मोकळेपणाने मान्य केली, आणि आम्ही सगळे विजयी मुद्रेने कॉम्प्युटरकडे वळलो.

पडदा निळा झाला होता. मध्ये लिहिलं होतं, ‘आपण बराच वेळ निष्क्रिय असल्यामुळे सुधारणा सुरू करण्यात आली आहे. ११ टक्के पूर्ण.’

तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर अनेक शेरे बसलेत. एका तपासनिसाने मला ‘संथ परंतु प्रामाणिक’ म्हटलं होतं, तेही मी पचवलं. पण निष्क्रिय? तेही शेजाऱ्यांसमोर? ज्या दोन तासांत मी त्याच्यासाठी घसा कोरडा करत होतो, नेमक्या त्याच दोन तासांबद्दल?

“वायर ओढा!” चीफ ओरडले.

“खबरदार!” दंतवैद्यबाई आडव्या आल्या. “अर्धवट उपटलेला दात पाहिलाय का कधी?”

मी एक हात वायरवर ठेवून उभा राहिलो. ओढू की नको? तेवढ्यात सव्वीस टक्के झाले. बायकोने माझी बोटं वायरवरून एकेक करून सोडवली. हे ती रोज वॉर्डात करते, त्यामुळे फार सफाईने केलं. मग आम्ही खुर्च्या वळवून ओळीत बसलो आणि टक्के बघत राहिलो. त्र्याहत्तरवर आकडा जो बसला तो पाऊण तास हलेना. चहा दुसऱ्यांदा झाला. चीफनी पुन्हा बोटीची गोष्ट सांगितली, या वेळी वाहण्याचे दिवस सोळा झाले.

शेवटी नवीन सिस्टीम आली. देखणी होती, त्याबद्दल वाद नाही. सगळे कोपरे गोल केलेले, जणू घरात लहान मूल रांगायला लागलंय. मी कार्यक्रमाच्या चित्रावर टिचकी मारली. ‘हा कार्यक्रम या सिस्टीमशी सुसंगत नाही.’ पुन्हा मारली. पुन्हा तेच. दंतवैद्यबाई हळूच म्हणाल्या की क्लिनिकमध्ये कुणीतरी थांबलंय. चीफनाही एकदम काहीतरी आठवलं. पाच मिनिटांत आमच्या घरात मी, बायको आणि सहा रिकामे कप उरलो.

“अहो, काटकोनसरांकडे जा,” बायको म्हणाली.

“आज नको. उद्या बघू.”

ती नुसती माझ्याकडे बघत राहिली. त्या बघण्याला बटण नसतं.

आता ते पुढे ढकललेलं सांगतो. काटकोनसरांच्या निरोपसमारंभाच्या वेळी मुख्याध्यापिकाबाई नव्या होत्या. निरोपाचं बोलून झाल्यावर त्या म्हणाल्या की याच प्रसंगी शाळेचं इतकं सुरेख वेळापत्रक करणाऱ्या आमच्या उपमुख्याध्यापकांचाही सत्कार करू या. टाळ्या झाल्या. मी व्यासपीठावर गेलो. पहिल्या खुर्चीत काटकोनसर बसले होते. तो कार्यक्रम यांचा आहे, मी फक्त बटण दाबतो, इतकं एक वाक्य बोलायचं होतं. ते माझ्या जिभेवर आलंही होतं. पण पुष्पगुच्छ मोठा होता, आणि तो हातात आल्यावर मला पुढचं काही दिसेना. मी ‘धन्यवाद’ म्हणून खाली उतरलो. सरांनी नियमाप्रमाणे टाळ्या वाजवल्या. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत आणि मीही त्यांच्या गल्लीतून जायचं सोडलं. भाजी आणायला मी तीन वर्षं लांबून वळसा घालतोय. सात महिने मी नेमकं काय पुढे ढकलत होतो, हे बायकोला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी त्यांची बेल वाजवली. दार वहिनींनी उघडलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, याचंच मला जास्त वाटलं.

“अहो, भूगोल आलेत,” त्यांनी आत हाक दिली. सर मला पूर्वीपासून भूगोलच म्हणत.

सर जेवणाच्या टेबलाशी ताठ बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. सिस्टीम, परिपत्रक, मतदान, निष्क्रिय, सगळं. त्यांनी वर्तमानपत्राची नीट घडी केली.

“किती दिवस ‘नंतर’ म्हणत होता?”

“सात महिने.”

“इथे यायला तीन वर्षं लागली. त्या मानाने लवकर. बसा.”

मी बसलो. कार्यक्रम नव्या सिस्टीमवर चालवता येईल का, असं विचारलं.

“येईल. पण उपयोग काय? त्यात काही नाहीच.”

“काही नाही कसं? बारा मिनिटं विचार करतो तो!”

“तो विचार करत नाही, भूगोल. नुसतं चक्र फिरतं. पहिल्या वर्षी दोन सेकंदांत उत्तर आलं तर तुम्ही म्हणालात, ‘इतक्यात? नीट बघितलं का त्याने?’ म्हणून मी बारा मिनिटं घातली.”

नऊ वर्षं मी त्या चक्रासमोर हाताची घडी घालून बसत होतो. एकदा सासूबाईंना खोकला आला तर मी त्यांना गॅलरीत नेऊन बसवलं होतं.

“मग वेळापत्रक कोण करायचं?”

“मी करायचो. सुट्टीत, कागदावर. आणि आत घालून द्यायचो.”

“पण तुम्ही गेल्यावर तीन वर्षं?”

“शेवटच्या वर्षीचंच येत होतं. नवीन शिक्षकांची नावं जुन्यांच्या जागी बसायची आणि वार एकेक घर सरकायचे.”

“म्हणजे तीन वर्षं आम्ही एकाच वेळापत्रकावर शाळा चालवली? आणि कुणाच्या लक्षात आलं नाही?”

“संगीताच्या बाईंच्या आलं,” सर म्हणाले. “त्यांनी मला फोन केला होता. मी म्हटलं, बोलू नका कुठे. भूगोलांना उगाच वाईट वाटेल.”

शेवटी मी म्हणालो, “सर, त्या गुच्छाचं...”

“पुठ्ठा आहे का घरात?” त्यांनी वहिनींना विचारलं. “चपलांची खोकी चालतील.”

मग आम्ही खोकी कापली. एका तासाची एक चिठ्ठी, प्रत्येक विषयाला वेगळा रंग. पाचशेच्या वर चिठ्ठ्या झाल्या. सर पट्टीने रेषा मारत होते, मी रंगवत होतो. नदीला निळा रंग द्यायची सवय असल्यामुळे मी विज्ञानालाही निळा दिला आणि भूगोलालाही, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसं पहिलीच्या मुलाकडेही कुणी बघू नये. दुपारी एकपर्यंत टेबलभर आठवडा मांडून झाला. गुडघे सांभाळले होते, संगीत आणि गणित दोन टोकांना होतं, चित्रकला आणि हस्तकला यांची कुठेही गाठ पडत नव्हती. मी समाधानाने मागे रेललो. तेवढ्यात, किती घामाघूम झालात, असं म्हणून वहिनींनी पंखा लावला.

शुक्रवार सोफ्याखाली गेला. मंगळवार खिडकीतून खाली उतरला. मी धावत तीन मजले खाली गेलो आणि फुटपाथवरून सातवीचं व्याकरण, नववीचा इतिहास असे तास वेचू लागलो. एक बाई कुत्र्याला घेऊन चालल्या होत्या. त्या कुत्र्याने दहावीची कवायत तोंडात धरली होती आणि ती तो सोडेना. मी शिक्षक आहे, असं त्यांना सांगून पाहिलं. त्यांनी कुत्रा जवळ ओढून घेतला.

वर आलो तर सर हसत होते. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. बरोबर काम केलेल्या सगळ्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. मग मीही हसायला लागलो. वहिनी पंख्याच्या बटणावर हात ठेवून ओशाळून उभ्या होत्या, त्याही हसल्या.

दुसऱ्यांदा मांडायला तीनच तास लागले. संध्याकाळी ड्यूटीवरून परतताना माझी बायको मला शोधत तिथेच आली आणि आम्ही चारही माणसं टेबलाभोवती फिरून चुका शोधू लागलो. चूक एकही नव्हती. फक्त एक तास उरला होता. सातवी ब, गणित, शुक्रवारचा शेवटचा. एकही गणिताचा शिक्षक मोकळा नव्हता. आम्ही ते घर रिकामं ठेवलं, घरी येऊन मी सगळं नव्या सिस्टीमवर भरलं आणि पाठवून दिलं. खोटं कशाला बोलू, फार सोपं गेलं. सात महिने घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं.

सोमवारी सकाळी कार्यालयाकडून दुसरं परिपत्रक आलं. अनेक शाळांची तयारी नसल्याचे निदर्शनास आल्याने मुदत एक महिन्याने वाढवण्यात येत आहे.

स्टाफरूममध्ये वेळापत्रक लावलेल्या फलकापुढे शिक्षकांची गर्दी झाली होती. मुख्याध्यापिकाबाई मला म्हणाल्या, “सुरेख झालंय हो, सर! नेहमीसारखंच.”

“बाई, हे माझं नाही,” मी म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा निघाला, सगळे वळले. “आत्ताचं नाही, आणि आधीचंही कधी नव्हतं. नऊच्या नऊ वर्षं काटकोनसरांचं.”

मग संगीताच्या बाई म्हणाल्या, “चला, सुटले एकदाची! पोटात राहत नव्हतं.” स्टाफरूममध्ये एकाही चेहऱ्यावर नवल दिसलं नाही. चित्रकलेच्या सरांनी हस्तकलेच्या सरांकडे बघून मान हलवली. मला वाचवायला संगीताच्या बाईंनी सहा वर्षांचा अबोला असलेल्या दोन माणसांनासुद्धा एका गुपितात सामील करून घेतलं होतं.

“आणि हा शुक्रवारचा रिकामा तास?” मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं.

मी संध्याकाळी पुन्हा सरांच्या तिसऱ्या मजल्यावर गेलो. या वेळी वळसा न घालता.

“शुक्रवारचा शेवटचा तास कुणालाच नको असतो,” सर म्हणाले. “म्हणून तो उरला. मी घेतला तर चालेल का?”

चालेल, पण निवृत्त शिक्षकाला लेखी अर्ज करावा लागतो, असं मी सांगितलं.

“तुम्ही लिहा. मला स्वतःबद्दल लिहिता येत नाही.”

मी त्यांच्याच टेबलावर बसून हाताने अर्ज लिहिला. अर्जदाराने नऊ वर्षं शाळेचं वेळापत्रक तयार केलं, याचं श्रेय त्यांना कधी दिलं गेलं नाही, आणि ते ज्याने घेतलं तोच हा अर्ज लिहीत आहे, असं सगळं त्यात घातलं. दोन पानं झाली. सरांनी चष्मा लावून ती सावकाश वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. ज्या माणसाने रजेच्या चिठ्ठ्याही लाल शाईने तपासून परत केल्या, त्याच्या हातातल्या पेनाकडे मी बघत बसलो.

“एक चूक आहे,” ते म्हणाले, आणि ती तशीच ठेवून त्यांनी खाली सही केली.

कुठली, ते त्यांनी सांगितलं नाही. तो अर्ज आता मुख्याध्यापिकाबाईंच्या फायलीत आहे. मी काही ना काही निमित्त काढून तो अकरा वेळा वाचून आलोय. सर दर शुक्रवारी येतात, तास झाला की स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीत बसतात, आम्ही चहा घेतो, आणि मी विचारतो. ते चहात बिस्कीट बुडवतात आणि म्हणतात, “शोधा.”